स्पीक फार झाले, टॉक कोण करणार?

समस्त सभ्य स्त्रीपुरुषांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंग्रजीत नुसते तोंड उघडायचे म्हटले तरी चार क्रियापदे दारात उभी असतात: से, टेल, स्पीक आणि टॉक. चुकीचे निवडल्यास आठवीतला विद्यार्थी नापास होतो. शिकवणाऱ्या बाईचे काय होते, ते मला ऐंशीच्या दशकात कट्टा नावाच्या गावी कळले.

मी घाटावरची, कराडकडची. नुकतीच बी.एड. होऊन इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते. मालवणपासून आत असलेल्या या बाजाराच्या गावात एका विधवा बाईंच्या घरी पडवीची खोली मिळाली. त्यांना मी मावशी म्हणायचे. दुपारी मागच्या दारी शेजारीण येऊन बसली की त्यांचे मालवणी सुरू व्हायचे.

"काय गो, बांगडे इले काय बाजारात?"

"इले, पण मरणाचे म्हाग! तुझ्या सुनेक खावक घाल, माका नको!"

मग असे हसू फुटायचे की माझ्या खोलीची फळी हलायची. मी मोठ्या आशेने पेला घेऊन मागच्या दारी जायचे. मला पाहताच दोघी पदर सावरून बसायच्या. चेहरे पुसल्यासारखे कोरे.

"या बाई. आपला चहा झाला का?"

"झाला."

"हवा जरा उष्ण आहे."

"हो, आहे."

संपले! जणू मी कचेरीतून सात-बारा तपासायला आले होते. कोकणातल्या माणसाला साहेबासमोर पुस्तकी मराठी काढायची सवय. माझ्यासमोर सगळे गाव साहेबासमोर असल्यासारखे बोलायचे. वाणी, कंडक्टर, पोस्टमन, सगळे. एकदा मी धीर करून "माका पाणी होया" म्हटले. मावशींनी तांब्या दिला आणि अदबीने म्हणाल्या, "घ्या, थंड आहे." मी खोलीत येऊन ते थंड पाणी प्याले आणि उगाचच रडले. रडणे मला छान जमायचे. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला त्यासाठी बक्षीसही मिळाले होते. पण प्रेक्षकांशिवाय त्यात काही राम नसतो.

वर्गात मात्र मी रंगायचे. टेबलावर छडी आपटून सांगायचे, "से म्हणजे शब्द तोंडातून बाहेर टाकणे. टेल म्हणजे कुणाला तरी सांगणे, समोर माणूस हवाच. स्पीक जरा टाय बांधून येतो, भाषणाला उभा राहतो. आणि टॉक? टॉक म्हणजे दोघांनी उंबऱ्यावर बसून गप्पा मारणे." मग उदाहरणे मागायची. एक म्हणाला, त्याची आजी म्हशीवांगडा, म्हणजे म्हशीशी, टॉक करते. वर्ग हसला, मीही. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, तुमी कोणावांगडा टॉक करतात?"

बाकीच्यांनी तिच्याकडे असे पाहिले की ती घाबरून लगेच पुस्तकी मराठीवर आली. "म्हणजे... आपण कोणाशी बोलता?"

"तुमच्याशीच की!"

"ता शिकवणां, बाई," ती हळूच म्हणाली. "ता टॉक न्हय."

मी फळ्याकडे तोंड केले आणि आधीच स्वच्छ असलेला फळा बराच वेळ पुसत राहिले.

त्या संध्याकाळी ठरले. जूनपासून इथे यायचे नाही. निकालाच्या दिवशी हेडमास्तरांना तोंडी सांगायचे आणि दुपारची एस.टी. धरायची. ट्रंक भरून ठेवली. मावशींना सांगायचेही धाडस झाले नाही. सांगून काय, त्या म्हणणार, "आपली इच्छा."

निकालाच्या सकाळी साडी नेसून, पर्स काखेत मारून मी तरातरा निघाले. मनात हेडमास्तरांपुढचे भाषण घोळत होते. ते मी आरशासमोर दोनदा करून पाहिले होते आणि फार परिणामकारक झाले होते. त्याच तंद्रीत अंगण ओलांडले. पायाखाली काहीतरी थंड, गिळगिळीत लागले. खाली पाहिले तर चटईवर ताजी कोकमाची साले वाळत घातलेली, आणि त्यांच्या बरोबर मधोमध माझी चप्पल. साडीच्या काठावर तांबडा रस चढत होता.

मागच्या दारातून मावशी धावत आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात झाडू.

मी त्या दिवशी हेडमास्तरांना काहीच सांगितले नाही. ट्रंक पुढे पुष्कळ वर्षे त्याच पडवीत राहिली. त्याला कारण मावशींचा तो आवाज, जो अख्ख्या आळीने ऐकला:

"अगो सटवे, डोळे फुटले काय तुझे? माझी सगळी सोलां तुडवलंस! आता बस हय आणि एक-एक उचलून धुवन दी!"