बेसिनमध्ये ओतलेला ट्रे

सिल्वासाच्या त्या हॉस्पिटलात मी नर्सेसना शिरेतून औषध द्यायला शिकवायचे, तेव्हा माझ्या आवाजापुढे खडोलीच्या कारखान्यांचे भोंगेही लाजायचे. तिथली रीत मोठी झकास! सकाळीच सगळ्या सिरिंज भरायच्या आणि नावाची चिठ्ठी न लावता खाटांच्या क्रमानं ट्रेमध्ये मांडायच्या. पेशंट मात्र पंख्याखालची खाट रिकामी झाली की दिल्लीचं तख्त मिळाल्यासारखे तिकडे धावायचे.

"अगं, औषध खाटेला देता की माणसाला?" मी ओरडायचे. सगळ्या हसायच्या. एकीनंच मनावर घेतलं. एका सकाळी खाटा बदललेल्या दिसताच तिनं अख्खा ट्रे बेसिनमध्ये ओतला.

मेट्रन कडाडली, "फार शिकलीस गं! औषध तुझ्या बापाचं?"

"मॅडम, यातली कुठली सिरिंज कुणाची, तुम्हीच सांगा."

मेट्रनला ते सांगता आलं नाही. पोरीला कामावरून काढता मात्र आलं.

मी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांपुढे वाघिणीसारखी गरजले. त्यांनी मला चहा पाजला. "तुमचं ट्रेनिंग फारच छान, मॅडम. तिच्या जागी नवी घेतलीय, तिलाही शिकवा."

वॉर्डात गेले, तर नवी मुलगी ट्रे भरत होती. चिठ्ठी एकाही सिरिंजवर नव्हती.