फुगडीपुरतं हृदय

सोनागिरीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी दिघ्यांच्या घरातून धपाधप आवाज यायचे. नवा भाडेकरू असला तर तो दचकायचा. आत सुमित्राकाकू पदर कमरेला खोचून टीव्हीसमोर उभ्या असायच्या आणि हवेत मुठी चालवत असायच्या. पडद्यावर त्यांची एक बाहुली होती. काकू जे करतील ते ती करायची. समोरची दुसरी बाहुली आडवी झाली की काकू थांबायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या आणि तिला म्हणायच्या, "ऊठ गं, फार नाही ना लागलं?"

काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या, लश्कर भागातल्या. लग्न करून भोपाळला आल्या त्या विश्वनाथकाकांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. पुढे सोनागिरीत घर झालं, मुलगा सत्यजित नोकरीला लागला, उज्जैनची योगिनी सून म्हणून आली. एवढ्या वर्षांत काकूंची ओळख एकच राहिली, ती म्हणजे त्यांची फुगडी. श्रावणात महाराष्ट्र मंडळाची मंगळागौर असली की काकू मैदानात उतरेपर्यंत बायका घरी जायला उठत नसत. हातांची कात्री, पायांना पाय जुळवलेले, अंग मागे टाकलेलं. मग नुसता लुगड्याचा रंग दिसायचा, माणूस दिसायचं नाही. समोरचीवर सगळा भार सोडून देता आला पाहिजे, असं त्या मुलींना सांगायच्या. जी अंग राखून धरते तिची फुगडी घुमत नाही.

विश्वनाथकाका गेले त्या वर्षी काकू मंडळात गेल्या नाहीत. जायचं नसतंच. पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्यांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसली, आणि काकूंनी आता दगदग करायची नाही, असं सगळ्यांनीच ठरवलं. दरवर्षी मंडळाच्या अनुराधाताई स्वतः भेटायला यायच्या, हात हातात घेऊन म्हणायच्या, काकू, तुम्ही फक्त आराम करा. काकूंना ते पटायचं. जिना चढताना धाप लागायची, ती खोटी नव्हती.

साकेत नगरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पण गल्लीत कुत्री, उन्हाळ्यात रस्ता तापलेला, आणि एकट्या बाईने कॉलनीला फेऱ्या मारायच्या म्हणजे प्रत्येक फाटकापाशी तब्येतीची चौकशी. शेवटी योगिनीने कपाटातून अद्वैतचा जुना खेळ काढला. अद्वैत म्हणजे नातू. हॉस्टेलला गेल्यापासून ते यंत्र पडूनच होतं. टीव्हीवर कॅमेरा लावला की समोरच्या माणसाच्या हालचालीने खेळ चालायचा. योगिनीने पहिले काही दिवस स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. नदीतली होडी अंग डावी-उजवीकडे झुकवून न्यायची, येणारे चेंडू हातापायांनी परतवायचे, मग मुष्टियुद्ध. सुरुवातीला काकूंची होडी पहिल्याच खडकावर आपटायची आणि त्या सोफ्यावर बसून घ्यायच्या. दिवाळीपर्यंत त्या होडी शेवटाला न्यायला लागल्या. होळीला जिना एका दमात चढल्या आणि वरच्या पायरीवर उभं राहून हसल्या.

त्याच सुमारास तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, फुगडी चालेल का? डॉक्टर बिहारकडचे. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. काकू खुर्चीतून उठल्या, योगिनीचे दोन्ही हात धरून त्यांनी कात्री केली आणि मागे रेलून दाखवलं. डॉक्टर हसले. फिरत्या पट्ट्यावर चालवून एक तपासणी करू, म्हणाले, ती नीट आली तर हे जरूर करा, मलाही बोलवा. योगिनीने हात सोडवून घेतले. बाहेर पेशंट खोळंबलेत, एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून काकूंना दुसरं काही सुचेना. यंदाच्या श्रावणात मंडळाच्या मंगळागौरीत एक फुगडी, बास. त्यासाठी त्या रोज घाम गाळायच्या. माझ्या आईला त्यांनी सांगितलं होतं की तपासणीच्या पट्ट्यावर त्या मनात झिम्म्याचा ताल धरून चालल्या. रिपोर्ट चांगला आला. सत्यजितने पेढे आणले.

आषाढात तालमी सुरू झाल्या त्या दिघ्यांच्याच घरी, कारण खेळासाठी तिथला हॉल आधीच मोकळा केलेला होता. त्या वर्षी पूजा सुप्रियाची होती. अनुराधाताईंची ही नवी सून, लग्न नुकतंच वैशाखातलं. काकू खुर्चीत बसून गाणी सांगायच्या, कुणाचा पाय कुठे चुकतो ते दाखवायच्या. एका दुपारी सुप्रियाची फुगडी काही केल्या घुमेना. काकू उठल्या आणि त्यांनी हात पुढे केले. सुप्रियाने ते आनंदाने धरले. दोघी फिरल्या, आधी हळू, मग हिरव्या चुड्याचा आवाज एकसारखा होईपर्यंत. थांबल्या तेव्हा सुप्रियाला चक्कर आली होती आणि काकूंचा श्वास शांत होता.

टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरा वाजल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की उद्यापासून तालीम अनुराधाताईंकडे, साकेत नगरला. हॉल लहान पडतो. काकूंना ते खरं वाटलं. त्या पुढच्या तालमीला तयार होऊन बसल्या, तेव्हा योगिनी चपला घालता घालता म्हणाली, "आई, तुम्ही नका येऊ. एवढं लांब जायचं, तुमच्या तब्येतीला झेपणार नाही."

"तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं."

योगिनीने दुसरी चप्पल पायात सरकवली.

"तब्येतीचं नाहीये, आई. सुप्रियाचं पहिलंच वर्ष आहे. अनुराधाताई म्हणाल्या, गौरीसमोर... तिच्या हातात तुमचे हात नकोत."

काकूंना कळायला वेळ लागला नाही. नवी सवाष्ण आणि विधवा. लश्करात लहानपणी हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे आता ते राहिलं नाही असं मानून चालल्या होत्या, कारण इतकी वर्षं कुणी तसं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. मध्ये हृदय उभं होतं.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या वर्षीच म्हणाल्या होत्या त्या."

"मग मला मुठी मारायला कशाला शिकवलंस?"

"तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून." योगिनीचा आवाज उतरला. "फुगडीचं... मला वाटलं, डॉक्टर नाहीच म्हणतील."

मग ती तालमीला गेली. ती त्या गटाची म्होरकी होती.

कार्यक्रमाला काकू आल्या. घरी बसून राहिल्या असत्या तर चार जणी विचारपूस करायला आल्या असत्या, ते त्यांना नको होतं. शेवटच्या रांगेत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. खेळ छान झाले. सगळी गाणी त्यांची होती, ओळींमध्ये घ्यायचे श्वासही त्यांनीच ठरवून दिलेले. सुप्रिया आणि योगिनीच्या फुगडीला लोक उभे राहिले. काकूंनी खाली बघितलं नाही. चष्मा पुसून त्यांनी ती पूर्ण पाहिली आणि मला म्हणाल्या, "सुप्रिया अजून अंग राखून धरतेय."

शेवटी अनुराधाताई माईकवर आल्या. तब्येत साथ देत नसतानाही सुमित्राकाकूंनी मुलींना एवढं शिकवलं, असं म्हणून त्यांनी काकूंसाठी टाळ्या मागितल्या. सगळे मागे वळले. काकूंनी उठून हात जोडले.

त्यानंतर त्या घरातून धपाधप आवाज आला नाही. सोफा पुन्हा मधोमध आला. योगिनी अधूनमधून यंत्र सुरू करून देत असे. पडद्यावर बाहुली उभी राहायची, कुणी समोर येत नाही म्हणून हात हलवून बोलवायची, आणि काही वेळाने योगिनीच ते बंद करायची.

थंडीत काकू तपासणीला गेल्या. धाप परत सुरू झाली होती. डॉक्टर ओळखीचं हसले. आपली फुगडी राहिलीच की, म्हणाले, मला बोलावलंही नाहीत. योगिनी शेजारच्या खुर्चीत होती. तिने पर्समधला रुमाल शोधायला घेतला.

काकूंनी हात मांडीवर एकावर एक ठेवले होते.

"तबीयत साथ नहीं देती, डॉक्टरसाहब," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट उलटून पाहिला, नवा पाहिला, आणि एक गोळी वाढवून दिली.