रडवायचं डिझाईन

युसूफ वडगाव या आमच्या गावात बसून मी अख्ख्या जगाला लोगो करून द्यायला तयार होतो. जगच तयार होत नव्हतं. ऑनलाईन कामं मिळवून देणाऱ्या झाडून सगळ्या साईटवर माझं प्रोफाईल होतं आणि ते बघायला रोज न चुकता एकच माणूस यायचा. तो मी. दर इतके पाडले होते की अजून खाली गेलो असतो तर गिऱ्हाईकालाच पदरचं द्यावं लागलं असतं. घरचे म्हणायचे, "साखर कारखान्यात वजनकाट्यावर लाग." मी म्हणायचो, एक गिऱ्हाईक येऊ द्या, मग रांग बघा.

ते गिऱ्हाईक भिंतीपलीकडून आलं. भरदुपारी शेजारच्या काकू आल्या, अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटलेली.

"मेलेल्या माणसाचा करत्यात तसला फोटू करतूस का रे? दिवा-बिवा, फुलं-बिलं?"

"करतो की. कोण गेलं?"

"तुझे काका."

मी उठून चप्पल शोधायला लागलो. पण भिंतीपलीकडून काका शेळीला शिव्या देत होते, त्या मला स्वच्छ ऐकू येत होत्या.

झालं होतं ते असं. सकाळी हौदावर तोंड धुताना काकांच्या डोक्यावर कावळा बसला. काका म्हणाले कावळा नुसता टेकला. काकू म्हणाल्या तो कोंबड्याएवढा होता, आणि संध्याकाळपर्यंत गावानं त्याचा मोराएवढा केला. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला की मरण दारात आलं असं धरतात. त्याला तोड एकच. जवळच्या नात्यातल्या कुणाला तरी तो माणूस गेल्याची खोटी बातमी धाडायची. त्यानं मनापासून रडायचं. त्या रडण्यात संकट वाहून जातं, मग खरं सांगून टाकायचं. पूर्वी त्याला एक पोस्टकार्ड पुरायचं. आता काकांना रडणारी एकच उरली होती, दिंद्रुडला दिलेली सख्खी बहीण, आणि ती पक्की होती. मागं एकदा अशाच फोनला फसून ती बोंबलत निघालती.

"फोनवर वन्सं इश्वास ठेवायच्या न्हाईत," काकू म्हणाल्या. "फोटू बघितल्यावरच रडतील."

मी असा फोटो केला की तसा आमच्या जिल्ह्यात कुणा मंत्र्याच्याही नशिबी आला नसेल. समई अशी पेटवली की स्क्रीनवर हात शेकावेत. कुणाच्या तरी लग्नातला फेटेवाला चेहरा घेतला, मागं ढग सोडले. काका स्वतः बघायला आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लई दिवसांचा मेलेला दिसतोय बे मी."

खाली एक पट्टी मोकळी दिसत होती. तिथं मी लिहिलं, "सर्व प्रकारची डिझाईन घरबसल्या करून मिळतील," आणि माझा नंबर टाकला. इतकी माणसं बघणार, मोकळी का म्हणून सोडायची?

फोटो पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर गेला आणि चहा निवायच्या आत फोन वाजला. बाईचा आवाज.

"ह्यो फोटू तुमीच केलाय का?"

आयुष्यातली पहिली चौकशी! मी खुर्चीवरून उभा राहिलो. "हो ताई, मीच. आवडला का?"

"चांगला हाय की. कधी वारलं म्हणायचं हे?"

"अहो ताई, वारले कुठं! ते काय, शेळीला शिव्या द्यायलेत. तुमी फक्त काम सांगा, जित्या माणसाचं बी करून देतो."

पलीकडं ती हसली. पत्र्यावर खडे पडावेत तसं. "वैनीला सांग, मी न्हाई रडत जा."

आणि बाकीचा तालुका मात्र रडला. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. डेअरीवाला डोळे पुसत आला आणि काकांच्याच हातचं पाणी पिऊन पळाला. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं. पण काकूंनी हिशेब स्पष्ट सांगितला, "परक्याचं रडनं चालत न्हाई. तिनंच रडाया पायजे." आणि आता ती एकाच बातमीला रडणार होती, खऱ्या.

मला कामं यायला लागली. काका बारीक व्हायला लागले. डोक्याला टॉवेल गुंडाळल्याशिवाय उंबऱ्याबाहेर येईनात. मग शेतात जायचंच सोडलं. हौदाच्या काठावर रोज एक कावळा बसायचा. तोच का दुसरा कुणाला कळणार, पण काका म्हणायचे तोच. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की शेळीला शिव्या बंद झाल्यात. भिंतीपलीकडं काहीच नव्हतं, फक्त खोकला.

एका सकाळी काकू दारातून बाहेर आल्या. कपाळ पांढरं. गळ्यात काही नाही. उंबऱ्याच्या आत काचेचा चुरा पडला होता आणि काका त्याच्याकडं बघत उभे होते. काकू तशाच एसटीत बसल्या, धारूरला गाडी बदलून दिंद्रुडला गेल्या. अख्खी आळी दारादारात उभी होती. कुणी हटकलं नाही.

दिवस मावळायच्या आत परत आल्या. मी आडवा गेलो.

"रडल्या?"

"मला बघूनच खाली पडल्या. दातखीळ बसली. मग सांगितलं."

"मग काय म्हणल्या?"

"माझ्या हाताकडं बघत बसल्या."

आत जाऊन त्यांनी कुंकू लावलं, गळ्यात घातलं, भाकरी थापली. काम झालं होतं. ताट घेऊन त्या काकांपुढं आल्या, मी दारातच होतो. काकांनी ताट धरलं नाही.

"आधी बांगड्या भर."

"कासार दुकान बंद करून गेलाय. उद्या भरते."

"आज."

"आज कुठनं आणू?"

माझा फोन वाजला. मी दाबून टाकला. पुन्हा वाजला.

"उचल की बे," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

उचलला. अनोळखी, दबका आवाज होता. "श्रद्धांजलीचं तुमीच करता न्हवं? फोटू धाडतो."

"कोण गेलं?"

पलीकडं कुणाशी तरी कुजबुज झाली.

"तुमी करून तर ठेवा."

काकूंचे मोकळे हात ताट धरून तसेच पुढं होते. काकांनी अजून घेतलं नव्हतं.