टॉवेलाखालचा हात

बिरूआण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. फोन शालनवहिनींचा, म्हणजे आण्णांच्या पत्नीचा होता. “म्याडम, तुमचं आण्णा गेलं बगा… पाटं, झोपंतच,” एवढंच त्या म्हणाल्या. मी “बरं” म्हणाले. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. हातातला गणिताचा पेपर मी शेवटपर्यंत तपासला, गुणांची बेरीज केली आणि मग गॅलरीत जाऊन रडले. आता महिना उलटून गेलाय. रडणं आवरलंय, पण आण्णांविषयी बोलायचं राहिलंय असं वाटत राहतं, म्हणून हे लिहायला बसले.

आण्णा मूळचे आटपाडीकडचे. घरची मेंढरं होती, लहानपण त्यांच्यामागं चालण्यात गेलं. फौजेत गेल्यावर कुणीतरी त्यांना शर्यतीच्या सायकलवर बसवलं आणि त्या चालून चालून घट्ट झालेल्या पायांनी बरीच बक्षिसं आणली. सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्यात घर बांधलं, आणि रविवारी सकाळी सायकल घेऊन डोंगर चढायचा हा नेम ठेवला. माझी त्यांची ओळख यवतेश्वरच्या घाटातली. चाळिशी ओलांडल्यावर मी गिअरची सायकल घेतली म्हणून कॉलनीनं मला वेड्यात काढलं होतं, आणि पहिल्याच रविवारी निम्म्या घाटात उतरून मी ती ढकलत होते. मागून पांढऱ्या मिशांचा एक माणूस आला. “म्याडम, कुटल्या शाळंत शिकवता?” मी चाटच पडले. “शिकवते हे कशावरून?” तर म्हणाले, “आवं, घाटाकडं असं बगताय जसा त्येनं गृहपाठच केला न्हाई.” इतकी दमलेली असूनही मी हसले. मग ते खाली उतरले आणि आपली सायकल हातात धरून माझ्याबरोबर वरपर्यंत चालले. बसून चढतील असा घाट, पण चालले. कसं चढायचं याचा एक शब्द बोलले नाहीत, वाटेतल्या झाडांची नावं सांगत राहिले. पुढच्या रविवारी मी परत गेले ती केवळ त्या चालण्यामुळं. नंतर आमची पाच-सहा जणांची टोळीच झाली.

अशीच काही वर्षं गेली आणि एके दिवशी आण्णांचा फोन आला. “शिरवळला जायाचं का? जुनी सायकल बगायची हाय.” माझी गाडी काढून आम्ही गेलो. तिथल्या एका कंपनीतल्या इंजिनिअरची बदली झाली होती, म्हणून तो सायकल विकत होता. सायकल बघून मला हसूच आलं. ना गिअर, ना मागचा ब्रेक, नुसता सांगाडा! आणि ती फिक्स्ड गिअरची होती. साध्या सायकलला पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, उताराला पाय गप्प ठेवून मजेत येता येतं. हिला ती सोयच नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि त्याच्याबरोबर आपले पायही. पाय हळू केले की सायकल हळू. आयुष्यभर घाट तुडवलेल्या माणसाला हे काय सुचलं? “आण्णा, म्हातारपणी कसले डोहाळे लागलेत?” मी म्हणाले. बाजारात बकरं बघावं तशी ते सायकल बघत होते. मागं गेले, पुढं आले, उकिडवे बसले. चेन बोटानं वरखाली करून ताण बघितला, मागच्या चक्राचे दाते झिजलेत का ते बघितलं, चाक उचलून फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. सांध्यांवरून नख फिरवून कुठं चीर आहे का तेही बघितलं. मग उठले आणि म्हणाले, “भाव करू.”

आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करायची रीत नव्हती. टॉवेलाखाली हात घालून, समोरच्याची बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता लागत नाही. आण्णांनी ती रीत इंजिनिअरला सांगितली. तो बिचारा विदर्भातला, नुसता बघत राहिला. “ह्येला न्हाई जमायचं. म्याडम, तुमी दलाल व्हा,” आण्णा म्हणाले. मीही मजेनं हात पुढं केला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि माझी बोटं धरली. मी आकडा ओळखायला बघतेय, तर त्यांची बोटं ठरेचनात. धरलेलं बोट सुटत होतं, परत धरत होते, परत सुटत होतं… मला वाटलं चेष्टा करतायत. “आण्णा, नीट धरा की! तीन का चार?” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. टॉवेलाकडं बघत हळूच म्हणाले, “नीट धराय आलं असतं, तर ही सायकल कशाला घेतली असती?”

टॉवेल बाजूला करायचा मला धीर होईना. शेवटी तोंडाला येईल तो भाव मी सांगितला. इंजिनिअर लगेच हो म्हणाला, म्हणजे मी जास्तच सांगितला असणार. दलाल म्हणून माझी कारकीर्द तिथंच संपली. परत येताना गाडीत आण्णा बोलले. त्यांना कंपवात होता. वहिनींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. “गिअर येक टाकाय जातो, तर दोन पडत्यात. हात ऐकंनात, म्याडम. पाय अजून ऐकत्यात. म्हणून पायानं आवरंल अशी सायकल.” पुढं एक ब्रेक होता, तो अख्ख्या मुठीनं दाबता येईल असा ते वळवून घेणार होते. सगळा विचार झाला होता. मग म्हणाले, “टोळीत बोलू नगा. बोलला की सगळी माझ्यासाठी थांबाय लागतील. आन् ज्या दिवशी माझ्यासाठी कोण थांबलं, त्या दिवसापास्नं मी यायचा न्हाई.” मी शब्द दिला. हे ते मला फोनवरही सांगू शकले असते, पण तोंडानं सांगणं त्यांना जड जात होतं आणि माझ्यापासून लपवायचंही नव्हतं. इतक्या विश्वासानं मला आयुष्यात कुणी काही सांगितलेलं नाही.

नव्या सायकलचा सराव त्यांनी सांगलीला, लेकीकडं राहून केला. तिथले रस्ते सपाट. पहिल्याच सकाळी वळणावर जन्माच्या सवयीनं त्यांनी पाय थांबवले. पाय थांबले पण पायडल थांबलं नाही, आणि सुभेदारसाहेब उचलून थेट उसात! नवख्या माणसाकडून असलं होत नाही, त्याला आधीची सवयच नसते. उसाचा मालकही फौजेतून आलेला निघाला. तो धावत येऊन म्हणाला, “साहेब, आमच्या उसावर हल्ला कशापायी?” हे सांगताना आण्णा फोनवर इतके हसत होते की मला निम्मं ऐकूच आलं नाही. महिन्याभरानं ते टोळीत परत आले, आणि सपाटीला पहिल्यासारखे आमच्या पुढं जाऊ लागले. चढाला उभं राहून पायडल मारायचे आणि आमच्याबरोबर वर पोचायचे. मला त्या रविवारी झालेला आनंद अजून आठवतो.

अडचण राहिली ती उताराची. बाकीचे पाय थांबवून सुसाट खाली यायचे, आणि आण्णांना पायानं चाक आवरत यावं लागायचं. मी कुणाला काही बोलले नव्हते. पण टोळीला डोळे होते. एके रविवारी आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, ब्रेक तापतायत, जरा सावकाश उतरू. पुढच्या खेपेला कुणाचा गुडघा दुखायला लागला, मग कुणाचा टायर गुळगुळीत झाला. आण्णा येत होते तोवर आमच्यातल्या एकाचीही सायकल उताराला धड नव्हती. थांबत कुणीच नव्हतं. सगळे हळू येत होते, एवढंच. त्यांना ते कळत नव्हतं असं थोडंच आहे? एकदा तोंड फिरवून म्हणाले, “भंगारात घाला गड्यांनो सगळ्या सायकली.” पण पुढच्या रविवारी आले. शेवटच्या आठवड्यापर्यंत येत राहिले. याबद्दल मी आमच्या टोळीची जन्मभर ऋणी राहीन, आणि आण्णांचीही, की त्यांनी आमची ही लबाडी चालवून घेतली.

ते गेल्यावर पहिल्यांदाच गेल्या रविवारी आम्ही घाट चढलो. वर चहा घेतला. खाली निघालो तेव्हा रस्ता मोकळा होता, सगळ्यांच्या सायकली ठणठणीत होत्या. तरी एकानंही सायकल सुसाट सोडली नाही. ब्रेक धरून, पायडल फिरवत, एका सायकलीपुरती जागा मधे ठेवून आम्ही उतरत राहिलो. मागून पुण्याकडचा एक सायकलवाला आला, आमच्या बाजूला येऊन हळू झाला आणि काळजीनं म्हणाला, “काही झालंय का? मदत हवीय?”

“काय न्हाई,” डॉक्टर म्हणाले. “आमी असंच उतरतो.”