मांडीखालचा हात

माझं पोट भरतं ते मेलेल्या माणसांवर. दचकू नका. बी.एड. कॉलेजात मी शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवते, आणि त्या पेपरातले सगळे विचारवंत केव्हाच वर गेलेत. एक इंग्रज म्हणतो, मूल म्हणजे कोरी पाटी, तुम्ही लिहाल ते उमटेल. एक जर्मन म्हणतो, छे, मुलात बी आधीच आहे, तुम्ही पाणी घाला आणि बाजूला व्हा. सगळ्यांत जुना जो ग्रीक, तो तर म्हणतो की शिकणं म्हणजे नुसतं आठवणं. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. पण माणूस वाढतो तो सगळाच्या सगळा एकदम वाढतो, हे तिघंही धरून चालतात. मीही धरून चालले होते.

आमच्याकडं एक रिवाज आहे, बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल असा. होणाऱ्या शिक्षकांना खऱ्या शाळेत सोडण्याआधी आम्ही त्यांना एकमेकांवरच सराव करायला लावतो. एकजण फळ्यापाशी उभा राहून शिक्षक होतो आणि बाकीचे बाकांवर बसून पाचवीची पोरं होतात. मिशीवाले बाप्ये "बाई, मी सांगू? मी सांगू?" म्हणून बोटं नाचवतात. दोन लेकरांची आई शेजारणीची चुगली करते. पहिले काही दिवस नुसता खिदळण्याचा बाजार असतो. मी सरळ झापते. मूल व्हायचं तर नीट व्हा, नाहीतर घरी जा.

नीट मूल व्हायची ती एकटीच. मुरगूडकडची, लग्न झालेली, रोज सकाळच्या एस.टी.नं यायची. सासरच्यांनी बजावून ठेवलं होतं की एकदाच काय ते शिक, नापास झालीस तर गोठा आहेच. गावातली शाळा तिला घ्यायला तयार होती, फक्त बी.एड. व्हायला हवं होतं. आणि ही बया शिक्षक म्हणून फळ्यापुढं उभी राहिली की मुकी व्हायची. उजव्या हातात खडू, डावा हात पाठीमागं, तोंडातून अवाक्षर नाही. "अगं, फळा चावतोय काय तुला?" मी ओरडायची. ती मान खाली घालायची.

बाकावर मात्र वेगळंच. एका दुपारी झाडाच्या पानांवरचा पाठ संपला, घंटा झाली, पोरं झालेली सगळी माणसं क्षणात मोठी होऊन डबे शोधायला लागली. ती उठली नाही. एका अंगावर कलून बसली होती. "चल गं, संपलं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात पाहत होती, जिथं एक झाडू सोडला तर काही नव्हतं.

"गुरुजी, उठू?"

आवाज सात-आठ वर्षांच्या पोरीचा. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी तिच्या खांद्याला हात लावला तशी ती दचकली, "व्हय मॅडम," असं स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि मांडीखालून डावा हात बाहेर काढला. पांढराफटक पडला होता आणि तळव्यावर बाकाच्या फळीचे वळ होते.

मग हे रोजचंच झालं. मी तिची जागा बदलली, बाक बदलला, एकदा वर्गसुद्धा बदलला. घंटा झाली की दाराजवळचा कोपरा आणि "गुरुजी, उठू?" आमचा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ह्ये बाहेरचं हाय. कुरुंदवाडाकडनं वाडीला न्हेऊन देवाच्या पायावर घालून आणा तिला." मी भडकले. शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवणारी बाई मी, मला हे सांगतोस? पण खरं सांगते, त्या कोपऱ्यातला झाडू मी त्याच दिवशी तिथून हलवायला लावला.

जानेवारीत गॅदरिंगसाठी बांगड्या घ्यायला सगळ्याजणी महाद्वार रोडला गेल्या आणि मलाही ओढून नेलं. कासारानं तिचा उजवा हात दाबून माप घेतलं, चटचट बांगड्या चढवल्या. मग डावा हात घेतला आणि थांबला. पुन्हा दाबला. "ताई, ह्यो हात दुसऱ्या कुणाचा हाय काय?" त्यानं हसत विचारलं आणि मागच्या फळीवरून लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्या तिच्या डाव्या हातात अलगद गेल्या. बाकीच्या पोरी हसल्या. ती हसली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

येताना मी तिला चहाला थांबवलं. तिनं जे सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात, की जणू एस.टी.चं वेळापत्रक सांगत्येय.

"मी डावरी हुतो, मॅडम." आमच्याकडं बायकाही 'हुतो' म्हणतात. "तिसरीत गुरुजी म्हणाले, त्यो हात मांडीखाली घाल. मी सांगिस्तवर काढायचा न्हाय, उठायचं बी न्हाय."

"मग कधी सांगितलं?"

"न्हाईच की. दुसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली."

"अगं पण म्हणून..."

"गुरुजींनी सांगितल्यालं की." मी काहीतरी खुळचट विचारलं असावं असं तिनं पाहिलं. "आन् आता ते वारल्यात. कवाच. वर्गात मला दिसत्यात असं न्हाय, मॅडम. पण दाराजवळ असत्यात. तिथंच हुबं ऱ्हायचे ते."

मी चहा तसाच ठेवला. मला भीती वाटली, आणि त्या भीतीआडून त्या मेलेल्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू.

मार्च संपताना तिचा अंतिम पाठ आला. आता खरी शाळा, खरी पाचवी. मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक आणि शेजारी निरीक्षक म्हणून मी. निरीक्षकानं पाठ चालू असताना एक शब्द बोलायचा नाही, हा नियम. बोललं तर पाठ बाद होऊ शकतो. हे मीच दरवर्षी सगळ्यांना दटावून सांगते.

तिनं उजव्या हातानं तारीख लिहिली आणि थांबली. डावा हात पाठ आणि फळा यांच्यामध्ये दाबलेला. पोरं वाट पाहत होती. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, एक शब्द बोल, नाहीतर गेलीस गोठ्यात. ती दाराजवळच्या कोपऱ्याकडं बघायला लागली. मग पहिल्या बाकावरच्या पोरीनं तिकडं मान वळवली. मग तिच्या शेजारणीनं. हळूहळू सगळा वर्गच त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघायला लागला आणि एकही पोर हललं नाही.

"गुरुजी, उठू?" ती म्हणाली. उभी होती, तरी म्हणाली.

माझ्या डोक्यातले सगळे विचारवंत त्या क्षणी खड्ड्यात गेले. पाटी कोरी नव्हती, बी नव्हतं, आठवणंसुद्धा नव्हतं. तिसरीतली एक पोर परवानगी मागत होती आणि द्यायला कुणी नव्हतं. मी उठले. सगळ्या वर्गातून चालत गेले आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं, पण तिथली फरशी चपलेतूनही पायाला गार लागली. मला पळून जावंसं वाटलं.

"ऊठ, बाळ," मी म्हटलं. "हात काढ."

आवाज माझा नव्हता. घोगरा होता, म्हाताऱ्या माणसाचा. घसा सुकला होता म्हणून तसा आला असेल, असं मी आजही स्वतःला सांगते.

तिनं हात बाहेर काढला. खडू उजव्यातून डाव्यात घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'पान'. तिसरीतलं अक्षर, मोठं, वेडंवाकडं. पोरं खो खो हसली. "बाई, तुमचं अक्षर!" तीही हसली. "मी पण शिकतीय की रं," म्हणाली, आणि सुटली ती सुटलीच. देठ, शिरा, कडा, पोरांना खिडकीतून पानं आणायला लावली, घंटा झालेली कुणाला कळली नाही.

बाहेर आल्यावर परीक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्ही मध्ये बोललात."

"बोलले. काय करायचं ते करा."

"नाही, पण तो आवाज..." ते थांबले, रुमालानं कपाळ पुसलं आणि चहा कुठं मिळेल म्हणून विचारलं. तिला त्यांनी पास केलं.

वर्षभरानं ती पेढे घेऊन कॉलेजात आली. गावातल्या शाळेत लागली होती, सासू आता शेजारणींना "आमची मास्तरीण" म्हणून सांगते म्हणे. मी तिच्या हाताकडं पाहिलं. उजव्यात त्याच बांगड्या, डावा मोकळा.

"त्या लई घट्ट झाल्या, मॅडम. परवा वाढवल्या."

मी तिचे दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून पाहिले. डावा अजून बोटांच्या टोकाशी कमी होता. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "कितवीत आहे गं हा?"

तिनं हाताकडं पाहिलं, आई पोराकडं पाहते तसं.

"चौथीत गेलाय की," ती म्हणाली.