पवित्र भूमी आणि वीस जोड काळे बूट

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅममधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये दर बुधवारी शाळा सुटल्यावर बायबल क्लब भरतो. आईवडिलांनी संमती दिलेली वीसेक मुलं येतात. मी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकतो आणि क्लब चालवणाऱ्या चर्चमधल्या एका आजींना मदत करतो. पहिली टर्म मी नुसतं सरबत ओतलं, खुर्च्या लावल्या. मला खरं तर गोष्ट सांगायची होती. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझं इंग्रजी परीक्षेत टिकतं, सात वर्षांच्या मुलांपुढे टिकेल याची खात्री नव्हती. शेवटी आजीच म्हणाल्या, एक सांगून बघ, जमलं तर पुढच्याही तूच सांग.

मी मोशेची निवडली. रानात झुडूप पेटलंय पण जळून जात नाही, आणि आतून देवाची हाक येते, पायांतले जोडे काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. आमच्या गावच्या चर्चमध्ये चपला दाराबाहेरच राहतात. त्यामुळे मुलांना बूट काढायला सांगताना आपण काही वेगळं करतोय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. बूट मात्र हॉलभर उडाले.

पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. "सर, पण इथे आम्ही दुपारी बीन्स खाल्ल्या. ही जमीन पवित्र कशी?"

लहानपणी आम्ही चर्चच्या संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करायचो, प्रश्न कुणी विचारत नसे. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुला काय वाटतं?"

तिनं जमिनीकडे नीट पाहिलं. "गोष्ट चालू असेपर्यंत असेल. नंतर परत डायनिंग हॉल."

"मग ह्याच्या मोज्यांचा वासपण पवित्र?" मागून एकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि पुढचा मोशे हशात बुडाला.

खरी पंचाईत घरी जाताना झाली. सगळे बूट काळे, सगळे वेल्क्रोच्या पट्टीचे. फाटकाशी पालक ताटकळले होते आणि आजी गुडघ्यांवर बसून जोड्या जुळवत होत्या. एक मुलगा दोन्ही डावे बूट घालून बाहेर पडला. त्याचे वडील चिडून परत आले. मी सगळ्यांची माफी मागितली. आता आपण पुन्हा सरबतावर, हे मी धरूनच चाललो.

त्या आठवड्यात आईला फोनवर विचारलं, आपण चर्चमध्ये चपला का काढतो गं?

"अरे, तिथली फरशी मीच पुसते ना," ती म्हणाली.

हे कारण देवाला चालत असेल का, यावर मी बरेच दिवस विचार करत होतो.

पुढच्या बुधवारी मी न सांगताच सरबताचा जग उचलला. आजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी दिली. प्रत्येक चिमट्यावर एकेका मुलाचं नाव होतं. "आज योनाची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "सांग तू. आधी बुटांना हे लाव."

मुलं दारातच बसून बूट काढत होती. कुणी सांगितलं नव्हतं. ती मुलगी मात्र बूट घालूनच पहिल्या रांगेत येऊन बसली.

"सुरू झाली का?" तिनं विचारलं.

"झाली," मी म्हणालो. तेव्हा तिनं वेल्क्रो ओढला.