आबांचं ओके

नरडाण्याच्या कारखान्यात आमच्या खात्याला एक फिटर आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. इंग्रजीत बोलणाऱ्या मोठ्या साहेबांना ते एकाच शब्दात उत्तर देतात, ‘ओके’. तेही मान न हलवता, हात पुसत.

गेल्या महिन्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनची संरक्षक जाळी तुटली. साहेबांनी फोनवर सांगितलं, नवी येईपर्यंत जाळीशिवाय मशीन चालवा. आबा म्हणाले, “ओके.” साहेबांनी समाधानानं फोन ठेवला. आबांनी मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

मी घाबरलो. “आबा, तुम्ही तर साहेबांना हो म्हणालात!”

“ओके म्हंजे आयकं. ‘हा’ कव्हय म्हनं मी? मान्सना हात जाई त्याम्हा.” म्हणजे त्यांच्या लेखी ओके म्हणजे नुसतं ऐकलं; हो ते कधी म्हणालेच नव्हते.

मशीन बंद केल्याचं साहेबांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळं लिहून पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं, ‘फाइन’. ते रागाचं की संमतीचं, मला कळेना. आबांना विचारलं.

“जाळी कव्हय येई, ते इचार,” ते म्हणाले.

तीन दिवस मशीन बंद राहिलं. नवी जाळी बसवल्यावर आबांनी चारी बाजूंनी स्वतःचा हात घालून पाहिला. तो कुठूनच आत जाईना, तेव्हा त्यांनी कुलूप काढलं.